उन्हाला तोटा नाही, तरी पाणी कोमट: चोपडा तालुक्यातल्या एका सोलर हीटरचं प्रकरण

सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या पट्ट्यातलं, केळी-कापसाचं घर. आप्पा, जिजी, मुलगा-सून आणि तीन नातवंडं अशी सात माणसं. खाली चार खोल्या, वर एक मजला, त्यावर गच्ची आणि गच्चीवर २०० लिटरचा सोलर हीटर. ५८ मिलिमीटर जाडीच्या आणि १८०० मिलिमीटर लांबीच्या २० काचेच्या ट्यूबा थेट टाकीत खोचलेल्या, आपल्याकडे सर्रास दिसतो तोच प्रकार. बसवून चार वर्षं झाली होती. तो आला तेव्हा तांब्याचा बंब माळ्यावर गेला आणि पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, ढीग शेतातच राहू लागला. पहिले दोन हिवाळे कुणाची काही तक्रार नव्हती.

तिसऱ्या हिवाळ्यात पाणी कोमट यायला लागलं. मुलाने टाकीतला विजेचा हीटर रात्री लावून ठेवायला सुरुवात केली. त्याची कॉइल जळाली, बदलली, पुन्हा जळाली. मधल्या मे महिन्यात तीन ट्यूबा फुटल्या होत्या, त्या नवीन टाकल्या. चौथ्या डिसेंबरात विजेचं बिल पाहून आप्पांनी मला, सोलर दुरुस्तीवाल्याला, बोलावलं तेव्हा घरात दोन मतं होती. मुलाचं म्हणणं, कंपनीने हलका माल दिला. आप्पांचं म्हणणं, थंडीत ऊनच कमी पडतं, त्याला कोण काय करणार.

आप्पांचं मत आधी बाजूला काढू. खानदेशात हिवाळी रात्री बोचऱ्या असतात, धुळ्याचा पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. पण दिवसा आभाळ निरभ्र असतं. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीने २०१३ साली १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा केला तो काही उगाच नाही. काचेच्या ट्यूबला हवेच्या गारठ्याशी फारसं घेणंदेणं नसतं. दोन भिंतींची काच असते, मधली हवा काढून घेतलेली असते, आतल्या भिंतीवरचा काळा लेप ऊन पितो आणि ती ऊब बाहेर पळायला वाटच नसते. डिसेंबरातल्या स्वच्छ दिवशी अशा २० ट्यूबांनी २०० लिटर पाणी साधारण ३५ अंशांनी तापवायला हवं.

प्रत्यक्षात काय होतं ते मोजलं. सकाळी थंड टाकीतलं पाणी १९ अंश. संध्याकाळी पाच वाजता सोलरच्या टाकीच्या तोंडाशी ४६. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथेच ३७. आणि त्याच पहाटे खालच्या न्हाणीत पहिल्या बादलीचं पाणी २४.

या चार आकड्यांत तीन वेगवेगळी दुखणी आहेत. १९ वर ३५ मिळवले तर ५४ यायला हवे होते, आले ४६. म्हणजे दिवसाची कमाई कमी. रात्रभरात टाकीने ९ अंश घालवले. चांगल्या पफच्या, म्हणजे ऊब धरणाऱ्या फोमचा थर असलेल्या, टाकीने चार-सहा अंश घालवले तर चालतं. आणि टाकीत ३७ असताना न्हाणीत २४, हा तर सरळ वाटेतला दरोडा. लोक तिन्हींना मिळून 'सोलर चालत नाही' म्हणतात, मिस्त्री ट्यूबा बदलतो, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच.

वाटेतला दरोडा

सगळ्यात सोपं आधी. गच्चीवरून न्हाणीपर्यंत एक इंची जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, पाइप उघडाच आणला होता, तोही उत्तरेच्या भिंतीवरून, जिथे हिवाळ्यात ऊन लागतच नाही. लांबी सुमारे १८ मीटर. एवढ्या पाइपात १० लिटर पाणी मावतं. पहाटे पहिल्याने नळ सोडला की हे रात्रभर गारठलेलं १० लिटर आधी बाहेर येणार. सात माणसं अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतराने आंघोळीला गेली तर दर वेळी हाच खेळ, कारण लोखंडी पाइप तेवढ्यात पुन्हा थंड होतो. पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप, टाकला तर त्याच लांबीत साडेचार-पाच लिटर पाणी राहतं, आणि वरून काळ्या फोमची नळी चढवली तर तेही बराच वेळ ऊबदार राहतं. फोमवर टेप गुंडाळायलाच हवी. आपल्या उन्हात उघडा फोम दोन उन्हाळ्यांत भुसा होऊन पडतो.

दुसरी गोष्ट न्हाणीतच सापडली. मिक्सर नळाचे दोन्ही कान उघडे आणि पाणी बंद केलेलं हातातल्या शॉवरच्या खटक्याने. पोरांची सवय. असं ठेवलं की थंड आणि गरम लाइन मिक्सरच्या पोटात एकमेकींना मिळतात. मग स्वयंपाकघरात कुणी गरम नळ सोडला की त्यात न्हाणीच्या मिक्सरमधून थंड पाणी घुसतं. सूनबाईंची तक्रार होती की भांड्यांना कधी चटका बसेल असं पाणी येतं, कधी गारच, नेम नाही. त्यामागे हे होतं. याला खर्च शून्य: कान बंद करायचे. पोरांना सांगून भागत नाही, म्हणून पुढे तिथे दोन साधे वेगवेगळे नळच बसवले.

ट्यूबला हात लावून पाहिलं

दुपारी बारानंतर भर उन्हात चांगल्या ट्यूबच्या बाहेरच्या काचेला हात लावला तर ती गार लागते. आत पाणी तापलेलं असतं, पण मधल्या पोकळीतून ऊब बाहेर येत नाही. वीसही ट्यूबांवरून हात फिरवला. दोन गरम लागल्या. त्यांची खालची टोकं रबरी टोपणातून बाहेर काढून पाहिली. चांगल्या ट्यूबच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी थर असतो, तो बेरियमचा. पोकळीत हवा शिरली की तो पांढरा पडतो. या दोन्ही टोकांना दुधी पांढरेपणा होता. रात्रीच्या ९ अंशांतला जादाचा वाटा यांच्या नावावर. खराब ट्यूब ओळखण्याची ही खूण घरच्या माणसालाही जमते, पण आमच्या धंद्यात ती गिऱ्हाइकाला दाखवायची पद्धत नाही.

बाकीच्या अठरा धडधाकट होत्या, तरी पाणी तापत नव्हतं. तेव्हा पहाटे टाकी रिकामी करून एक ट्यूब उपसली आणि बादलीत उपडी केली. आधी पाणी आलं. मग आला पांढरा राडा, भिजवलेल्या चुन्यासारखा, आणि त्यात वाळूसारखे कडक खवले. ट्यूबच्या बुडाशी वीतभर जागा त्यानेच भरलेली. आतून बोट फिरवलं तर काच गुळगुळीत लागेना. टाकीच्या गरम पाण्याच्या तोंडावर क्षार चढून चढून भोक पेन्सिल जाईल एवढंच उरलं होतं. कॉइल दोनदा का जळाली तेही इथेच कळलं: कॉइलवर क्षाराचा जाड लेप बसला की तिची उष्णता पाण्यात उतरत नाही, ती स्वतःच तापून जळते.

ट्यूबमधलं पाणी आपोआप फिरतं. उन्हाकडच्या अंगाने तापलेलं पाणी वर चढतं, खालच्या अंगाने थंड पाणी खाली उतरतं, पंप लागत नाही. बुडाशी राडा साचला की ते फिरणं तेवढ्या भागात थांबतं आणि ट्यूबची लांबी कागदावर १८०० राहते, कामाला कमी पडते.

घरच्या बोअरचं पाणी तपासलं. कठीणपणा लिटरला ६२० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. हे त्याच्याही वर. नुसतं साठवलं तर हे पाणी काही करत नाही, तापवलं की करतं. त्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट उष्णतेने फुटतो आणि न विरघळणारा कार्बोनेट, म्हणजे खडू, तयार होतो. ६० अंशांच्या पुढे हा वेग चांगलाच वाढतो. हिशेब करून पाहा: लिटरमागे फक्त १०० मिलिग्रॅम खडू बाहेर पडला तरी २०० लिटरमागे रोजचे २० ग्रॅम, वर्षाला ७ किलोच्या घरात. त्यातला अर्धा पाण्याबरोबर वाहून गेला असं धरलं तरी साडेतीन किलो आत राहतो. चार वर्षं हे चालू होतं आणि या काळात टाकी एकदाही धुतलेली नव्हती. बसवणाऱ्याने धुवायला सांगितलंच नव्हतं, आणि पाणी तपासूनही पाहिलं नव्हतं. गच्ची मोजली, माणसं मोजली, दिशा लावली (ती बरोबर होती), पैसे घेतले.

म्हणून मुलाचं 'हलका माल' हे मतही मला पटलं नाही. माल ठीक होता. याच गावच्या नळाच्या पाण्यावर तोच संच अजून नीट चालला असता.

मे महिन्यातल्या तीन ट्यूबा

त्या ट्यूबा माकडांनी फोडल्या, असं घरात पक्कं झालं होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत वानरांच्या टोळ्या येतात आणि केळी पिकवणाऱ्या घराला त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचं कारण नसतं. पण माकड उडी मारेल तिथली ट्यूब फुटते. या तिन्ही शेजारी शेजारी होत्या, आणि टाकीत थंड पाणी शिरतं त्याच बाजूच्या.

मी जिजींना विचारलं की ट्यूबा फुटायच्या आधी काही वेगळं जाणवलं होतं का. त्या म्हणाल्या, "थंडा नयले गरम पानी उनं व्हतं, भाऊ. आमले वाटनं देव पावना."

म्हणजे थंड नळाला गरम पाणी आलं होतं. या एका वाक्याने सगळं उलगडलं. सोलरला जाणारी थंड पाण्याची लाइन स्वतंत्र नव्हती. वरच्या थंड पाण्याच्या टाकीतून एकच पाइप उतरला होता, त्याचा एक फाटा सोलरच्या बुडाला आणि दुसरा खाली न्हाणी-स्वयंपाकघरात. मधे उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह नाही. मे महिन्यात बोअरने मान टाकली आणि वरची टाकी कोरडी पडली. त्या वेळी खाली कुणी थंड नळ सोडला की पाणी कुठून येणार? सोलरच्या टाकीच्या बुडातून, उलट्या वाटेने. देव पावला नव्हता, सोलर रिकामा होत होता.

टाकी रिकामी झाली तरी ट्यूबांमध्ये पाणी राहतं, कारण त्या खाली लोंबत असतात. एकेका ट्यूबमध्ये अडीच-तीन लिटर. पण मेच्या उन्हात ते उकळतं, वाफ होऊन व्हेंटच्या, म्हणजे सोलरच्या टाकीवरच्या उघड्या, पाइपातून निघून जातं, आणि काही दिवसांत ट्यूबा कोरड्या होतात. कोरडी ट्यूब उन्हात २०० अंशांच्या पुढे जाते. मग टँकर आला, किंवा बोअरला जरा पाणी लागलं, आणि भर दुपारी मोटर चालू केली. पाणी टाकीत शिरलं, शिरलं तिथल्या ट्यूबांमध्ये आधी उतरलं आणि काच तडकली. चुलीवरच्या रिकाम्या तव्यावर पाणी ओतलं तर तवा सोसतो. काच सोसत नाही.

खानदेशात ही गोष्ट घरोघर घडू शकते. नळाचं पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतं, बोअर उन्हाळ्यात दमतो, वीज वेळापत्रकाने येते. पाणी कधी येईल ते आपल्या हातात नसतं, मोटर कधी लावायची ते असतं. सोलर कोरडा पडलाय अशी शंका जरी आली तरी ट्यूबांवर ताडपत्री टाकायची, सोलरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि वरची टाकी भरू द्यायची. ट्यूबा रात्रभर थंड झाल्यावर पहाटे, दिवस उगवायच्या आत, व्हॉल्व्ह उघडायचा. ताडपत्री तर आपल्याकडे कापसाच्या घरात असतेच.

कायमचा इलाज पाइपाचा आहे. वरच्या टाकीला सोलरसाठी वेगळं भोक पाडलं, अगदी बुडाशी, आणि घरवापराचा पाइप त्याहून अर्धा फूट वर घेतला. घरातल्या नळांचं पाणी संपलं तरी टाकीत सोलरच्या वाट्याचं पाणी शिल्लक राहतं, आणि नळ कोरडा पडला की माणूस सावध होतो. सोलरच्या लाइनवर आडवा एनआरव्ही, म्हणजे उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह, बसवला. तोही क्षाराने अडकतो, म्हणून दोन्ही बाजूंना युनियनचे जोड ठेवले, सोडून धुता येईल असे.

व्हेंटचं थोडक्यात सांगतो, कारण इथे लोक जिवाशी खेळतात. टाकीवरचा उघडा पाइप वरच्या टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा किमान फूटभर उंच हवा. या घरी तो ठेंगणा होता, टाकी भरली की त्यातून पाणी गळायचं, म्हणून त्या मेनंतर कुणीतरी त्याला प्लास्टिकचं टोपण लावून टाकलं होतं. टोपण लावलं की वाफेला वाट नाही, आणि टाकी रिकामी होताना हवा आत यायलाही वाट नाही. पहिल्याने टाकी फुगते, दुसऱ्याने आत चेपते. टोपण काढलं, पाइप वाढवला.

क्षार काढणं, आणि पुन्हा न येऊ देणं

टाकी साफ करायला मुलाने संडास धुवायचं ॲसिड आणून ठेवलं होतं. ते परत पाठवलं. त्यात हायड्रोक्लोरिक असतं आणि क्लोराइड हा स्टीलच्या टाकीचा वैरी आहे. क्षार निघेल, पण वेल्डच्या कडेने टाकी खाल्ली जाईल. सल्फॅमिक ॲसिड वापरलं, पातळ करून, हातात मोजे आणि डोळ्याला चष्मा लावून. ट्यूबा एकेक करून लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवल्या. फेस यायचा थांबला की काम झालं. सगळ्या ट्यूबांच्या सिलिकॉन रिंगा नव्या टाकल्या. जुन्या रिंगा पुन्हा वापरायचा मोह बहुतेक मिस्त्र्यांना होतो आणि महिन्याभरात थेंब थेंब गळती सुरू होते. मेलेल्या दोन ट्यूबा बदलल्या. विजेच्या हीटरला नवी कॉइल दिली, आणि त्याला अर्थिंग नव्हतंच, ते केलं. २०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला ७ युनिट लागतात. ती कॉइल ढगाळ दिवसाची सोय आहे, रोजची नाही.

पुढचा प्रश्न पाण्याचा. पाण्याचा कठीणपणा काढणारा, मीठ घालून चालणारा सॉफ्टनर बसवता आला असता. पण ६२० च्या पाण्याला त्याचं मीठ दर काही दिवसांनी लागत राहतं, आणि धुतल्यावरचं खारं पाणी सोडायचं कुठे? घरामागे गोठा आणि परसबाग. पाइपाला बाहेरून चिकटवायची चुंबकंही बाजारात आहेत. त्यांच्यावर पैसे घालायला मी कुणाला सांगत नाही. सपाट तांब्याच्या पत्र्याचा सोलर घ्यावा का, असंही मुलाने विचारलं. असल्या पाण्याला तो थेट जोडला तर त्यातल्या बारीक तांब्याच्या नळ्या ट्यूबांच्या आधी चोंदतात, आणि त्या उपसून धुताही येत नाहीत. त्यात हीट एक्स्चेंजरचा प्रकार मिळतो: पत्र्यातलं पाणी आतल्या आत फिरत राहतं, वापराचं पाणी वेगळं. कठीण पाण्यासाठी तो चांगला, पण महाग.

घरात एक गोष्ट होती जिचा कुणी विचार केला नव्हता. ग्रामपंचायतीचा नळ. त्या पाण्याचा कठीणपणा १८० निघाला. ते फक्त पिण्यासाठी भरून ठेवत. गच्चीवर ५०० लिटरची वेगळी छोटी टाकी बसवून ती नळाच्या पाण्याने भरायची आणि तिथून फक्त सोलरला द्यायचं, असं ठरलं. बुडाचं भोक आणि एनआरव्ही त्याच टाकीकडे हलवले. नळ आला नाही तर बोअरचं पाणी घेता येईल असा एक व्हॉल्व्ह ठेवला. जिजींना आधी ते पटेना, पिण्याचं पाणी आंघोळीला घालायचं म्हणजे उधळपट्टीच. आप्पांनी त्यांना कॉइलचं बिल दाखवलं.

दुसरा उपाय शेतातूनच आला. उन्हाळ्यात या घराला गरम पाणी लागतं कितीसं? पण ट्यूबा तर मेमध्ये सर्वांत जोरात तापतात, पाणी ८० अंशांच्या वर जातं, आणि खडू पडतो तो तेव्हाच जास्त. केळीच्या रोपांचं जुनं शेडनेट पडून होतं. होळी झाली की २० पैकी १२ ट्यूबांवर ते बांधायचं आणि पावसाळा लागला की काढायचं. माझ्या मते खानदेशात सोलरची देखभाल म्हणजे उन्हाळ्यात त्याला झाकणं. धूळ पुसण्यापेक्षा यानेच जास्त फरक पडतो. धूळ पुसायची ती पहाटे, दुपारी तापलेल्या काचेवर पाण्याचा फवारा नको. आणि दर दिवाळीआधी बुडाचा ड्रेन सोडून पांढरं पाणी येणं थांबेपर्यंत वाहू द्यायचं, दोन ट्यूबा उपसून बूड पाहायचं. राडा बोटभर असला तर सगळ्या धुवायच्या.

स्टँडचे पाय नुसते तारेने बांधलेले होते. मे-जूनच्या वादळात इथे उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात. स्लॅबला भोक न पाडता सिमेंटचे ठोकळे ओतून पाय त्यात बोल्टने कसले.

मुलाचा शेवटचा प्रश्न अनुदानाचा होता: ते ७८ हजार यात बसतील का? बसत नाहीत. ती पीएम सूर्यघर योजना २०२४ ची, छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी, आणि ७८ हजार तीन किलोवॅट व त्यापुढे. पाणी तापवणाऱ्या सोलरचं केंद्राचं अनुदान केव्हाच बंद झालं. दोन्हींना लोक 'सोलर' म्हणतात आणि विकणारे काही जण हा गोंधळ मुद्दाम मिटवत नाहीत.

कामानंतर जानेवारीत मोजलं तेव्हा थंड पाणी १८, संध्याकाळी टाकीत ५३, पहाटे ४८, आणि न्हाणीत पहिले चार-पाच लिटर सोडून ४६.

एक दुखणं राहिलं. टाकीच्या कडेच्या झाकणाखाली, वेल्डच्या रेषेत, तांबूस ओलसर डाग आहे. बोअरच्या क्लोराइडने आतून पोखरलंय. तिथे बाहेरून वेल्डिंग मारता येत नाही, आतला पफ जळतो आणि स्टील आणखी नाजूक होतं. आप्पांशी बोलून ती टाकी गळेपर्यंत वापरायची असं ठरलं. ती गेली की फक्त टाकी बदलायची, ट्यूबा आणि स्टँड तेच ठेवायचे. नवीन टाकी घेताना आतलं स्टील ३०४ दर्जाचं आहे की क्लोराइडला जास्त टिकणाऱ्या ३१६ एल दर्जाचं हे बिलावर लिहून घ्यायचं आणि स्टीलऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा दांडा घातलेला आहे का ते झाकण उघडून पाहायचं.